वाचकांचे प्रश्न : नाणी-नोटांच्या प्रदर्शनाला जाताना

पावसाळा सरला की पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात कुठे ना कुठे नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं आणि हल्ली खेळाच्या कार्डांचीही प्रदर्शनं भरू लागतात. बहुधा शुक्रवार ते रविवार, एखाद्या मंगल कार्यालयात किंवा मोठ्या हॉलमध्ये. त्या निमित्ताने आलेल्या पत्रांपैकी काही निवडली आहेत.

प्रश्न : मी पहिल्यांदाच अशा प्रदर्शनाला जाणार आहे. सोबत काय न्यावं, किती वाजता जावं, घासाघीस चालते का? — एक वाचक, कोल्हापूर

तीन वस्तू पुरतात. दहा पट मोठं दाखवणारं सोनारी भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावणारा काटा आणि एक छोटं, जोरदार लोहचुंबक. बाजारात ‘साठ पट’ लिहिलेली स्वस्त भिंगं मिळतात. त्यांवरचा आकडा फुगवलेला असतो आणि कडेला चित्र वाकडं दिसतं. दहा पटींचं चांगलं भिंग त्यांच्यापेक्षा कितीतरी कामाचं. काटा सपाट टेबलावर ठेवा, आधी शून्यावर आणा आणि हॉलच्या पंख्याखाली वजन करू नका. वाऱ्याने शेवटचे दोन आकडे नाचत राहतात आणि विनाकारण विक्रेत्याशी हुज्जत होते.

जास्तीत जास्त माल पहिल्या दिवशी सकाळी दिसतो. मुरलेले संग्राहक दार उघडायच्या आधीच बाहेर उभे असतात, ते याचसाठी. भाव मात्र शेवटच्या दिवशी दुपारनंतर उतरतो, कारण विक्रेत्याला पेट्या परत भरायच्या असतात. एका विशिष्ट नाण्याच्या मागावर असाल तर पहिला दिवस, नुसतं बघायचं-शिकायचं असेल तर शेवटचा.

पहिली फेरी काहीही न घेता मारा. एकच नाणं चार टेबलांवर चार भावांनी दिसेल. टेबलाचा क्रमांक आणि भाव वहीत टिपा. नवख्याने सुरुवात करावी ती ‘कोणतंही घ्या, दहा रुपये’ अशा मिश्र नाण्यांच्या ट्रेपासून. तिथे टाकसाळीची चिन्हं ओळखायचा सराव होतो. सालाच्या खाली चौकट (डायमंड) असेल तर नाणं मुंबईचं, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. एकाच साली, एकाच किमतीचं नाणं चार टाकसाळींत पडलेलं असू शकतं आणि त्यांतलं एखादंच कमी संख्येने पडलेलं असतं. ट्रेमध्ये हात घालणारे जुने लोक नेमकं तेच शोधत असतात.

नाणं उचलण्याआधी विचारा. काठाला धरा, चेहऱ्यावर बोट टेकवू नका आणि मखमली ट्रेच्या वरच धरा, म्हणजे निसटलं तरी फरशीवर आपटणार नाही. नाणं तोंडाजवळ धरून बोलूही नका. थुंकीचा बारीक शिंतोडा आज दिसत नाही, पण काही महिन्यांनी तिथे काळा ठिपका उमटतो आणि तो जात नाही.

घासाघीस चालते, पण रीत वेगळी. एकेका नाण्यावर हुज्जत घालण्यापेक्षा तीन-चार निवडून ‘सगळ्यांचे मिळून किती?’ असं विचारलं की भाव आपोआप खाली येतो. ‘हे तर ऑनलाइन इतक्याला मिळतं’ हे वाक्य मात्र टाळा. समोरच्याने ते सकाळपासून चाळीसदा ऐकलेलं असतं. यूपीआय जवळपास सगळे घेतात, पण भरगच्च हॉलमध्ये नेटवर्क बसतं, तेव्हा थोडी रोकड असू द्या. मोठी खरेदी असेल तर बिलावर नाण्याचं पूर्ण वर्णन आणि ‘खोटं निघाल्यास परत’ हे लिहून घ्या. जो लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडून महागाचं काही घेऊ नका.

प्रदर्शनात लिलाव असेल तर बोली लावण्याआधी नियमांचा कागद वाचा. ज्या रकमेवर हातोडा पडतो, तिच्यावर लिलाव करणाऱ्यांचं कमिशन आणि कर वेगळे चढतात. बोलीच्या भरात हे विसरायला होतं.

प्रश्न : आमच्या देवघरात १८१८ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं आहे. एका बाजूला रामपंचायतन आहे. व्हिडिओंमध्ये याची किंमत लाखांत सांगतात. प्रदर्शनात विकलं जाईल का? — सातारा

नाही. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. १६१६, १७१७, १८१८ अशी सालं, एका बाजूला राम, हनुमान, कमळ किंवा ओम आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव असलेले हे तुकडे म्हणजे जत्रेत, तीर्थक्षेत्री विकले जाणारे अलीकडचे टोकन. कंपनीच्या मद्रासकडच्या पॅगोडा नावाच्या सोन्याच्या नाण्यांवर विष्णू दिसतो हे खरं आहे, पण ती नाणी नखाएवढी, साडेतीन ग्रॅमच्या आतली. तुमच्याकडचं ते नव्हे. देवघरात आहे तिथेच राहू द्या.

याच नाण्यांच्या आडून चमत्कारी म्हणून ‘तांदूळ ओढून घेणारं नाणं’ विकणारे भेटतात. ती सरळ फसवणूक आहे.

प्रश्न : चांदीचा बंदा रुपया घ्यायचा आहे. खरा-खोटा कसा ओळखावा? आणि भाव ठरतो कशावर? — अहमदनगर

आधी वजन. कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला इंग्रजी अमलातला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळा, ११.६६ ग्रॅम. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. हातोहात फिरून झिजलेला रुपया ११.४ किंवा ११.३ भरेल, ते चालतं. पण अक्षरं टवटवीत दिसताहेत आणि वजन १०.८ भरतंय, तर नाणं ट्रेमध्ये परत ठेवा. ताजं नाणं हलकं असायचं काही कारणच नाही.

मग काठ बघा, भिंगातून आणि पूर्ण फिरवून. खरं नाणं ठशाने पाडलेलं असतं, त्यामुळे काठावरच्या रेघा सरळ आणि धारदार येतात. ओतीव नकलेत काठावर सांध्याची बारीक रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण सापडते, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. मात्र १९४७ चा रुपया चुंबकाला चिकटला म्हणून घाबरू नका. तो चांदीचा नाहीच, शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चिकटतं.

इथेच बरेच जण फसतात. सगळे राजा छाप रुपये सारख्या चांदीचे नसतात. १८३५ पासून जुन्या रुपयांत ९१.७ टक्के चांदी आहे. महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ च्या रुपयांत ती निम्म्यावर आली. बाकी ४० टक्के तांबं, उरलेलं जस्त आणि निकेल. वजन मात्र तेच ११.६६. म्हणजे जुन्या रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आणि १९४० नंतरच्यात फक्त ५.८३. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा, की नाण्याची तळाची किंमत हाती येते. १९४३ चा रुपया ‘अस्सल चांदीचा’ म्हणून राणी छापाच्या (व्हिक्टोरियाच्या) भावात कुणी देत असेल, तर हा गुणाकार त्याच्यासमोरच करा.

तळाच्या वर भाव जातो तो साल, छाप आणि दर्जा यांमुळे. वयामुळे नव्हे. १८४० चा राणीचा रुपया पावणेदोनशे वर्षांहून जुना, पण तेच साल कायम ठेवून तो वर्षानुवर्षं पाडला गेल्याने मुबलक मिळतो. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. ९४ लाख पाडलेल्यांपैकी सुमारे ७ लाखच बाहेर आले होते, बाकीचे वितळवले गेले आणि १९१२ ला हत्ती सुधारला. संग्राहक त्याला ‘पिग रुपी’ म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात. १९३९ चा रुपया तर फारच दुर्मीळ, म्हणून त्यात खोटेपणाही जास्त. शेवटच्या ९ भोवतीचा सपाट भाग भिंगातून तिरप्या उजेडात बघा. आकडा खरवडून बदललेला असेल तर तिथलं पोत वेगळं दिसतं.

शेवटी राजाच्या डोक्यावरचा काठ तपासा. आपल्याकडे रुपयांना कडी लावून माळेत घालायची पद्धत होती. कडी काढून, डाग घासून, पुन्हा ‘नाणं’ म्हणून विकलेले रुपये जागोजागी आहेत. किंचित चपटी जागा, वेगळ्या रंगाचा डाग, दोन-तीन पुसट झालेल्या रेघा दिसल्या की भाव चांदीच्या तळापाशीच धरा. दागिना म्हणून तो छानच आहे, संग्रहासाठी नव्हे.

प्रश्न : शिवराई घ्यायची आहे. महाराजांच्या काळातलीच कशी ओळखावी? — वाई

टेबलावर दिसणाऱ्या बहुतेक शिवराया (शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी) महाराजांच्या काळातल्या नसतात, हे आधी मान्य करावं लागेल. ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ ही अक्षरं पुढे पेशवाईतही अनेक टाकसाळींत चालू राहिली. मधोमध दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही अशीच नंतरची, आणि झिजलेली दुदांडी आजही काहीशे रुपयांत मिळायला हवी. सुरुवातीच्या शिवराया वजनदार, ११ ग्रॅमच्या पुढच्या. अक्षरं तीन ओळींत, ठसठशीत, भोवती ठिपक्यांची किनार.

ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे खऱ्या शिवराईवर सगळी अक्षरं क्वचितच पूर्ण उतरतात. कुठे ‘श्री’ अर्धी कापलेली, कुठे किनार एकाच बाजूला. आकारही वेडावाकडा. म्हणून अगदी गोल, सगळी अक्षरं मधोमध आणि वर एकसारखा हिरवा थर, अशी शिवराई दिसली तर मोहात पडू नका. आम्लाने चढवलेला हिरवा थर पावडरीसारखा असतो, खोलगट जागी साचतो आणि नखाने निघतो. जमिनीत शंभर-दोनशे वर्षं पडून आलेला थर धातूला घट्ट धरून असतो.

सोन्याचा होन कुणी टेबलाखालून काढून दाखवला तर नुसतं बघा. लिखित इतिहास आणि तज्ज्ञाचा दाखला नसलेला होन घेणं म्हणजे नुसता जुगार. अस्सल नाणी डोळ्यांत बसायला नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं आहे. प्रदर्शनाआधी तिथे घालवलेला अर्धा दिवस पुढे बरेच पैसे वाचवतो.

प्रश्न : जुनी नाणी पितांबरीने घासून चकचकीत केली. आता विक्रेते हात लावत नाहीत. काय चुकलं? नाणी ठेवावीत कशात? — चिपळूण

घासली, तेच चुकलं. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, पावडर, सगळ्यांचा परिणाम एकच. वरचा थर जातो आणि बारीक चरे राहतात. तांब्याचं नाणं गुलाबी-नारिंगी दिसायला लागतं आणि तो रंग बघताच जाणकार मान फिरवतो. गेलेला थर परत आणता येत नाही. ती नाणी आता तशीच ठेवा, पुन्हा काही लावू नका.

यापुढे माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा, पाणी दोनदा बदला, न घासता वाळू द्या. चिकटपणा किंवा तेल असेल तर शुद्ध ॲसिटोन, काचेच्या वाटीत पाच-दहा मिनिटं. खिडक्या उघड्या आणि जवळपास गॅस पेटलेला नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात वास आणि तेलं मिसळलेली असतात.

कोकणात खरा शत्रू दमट हवा आणि दुसरा मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक. नव्या प्लॅस्टिकच्या पडद्यासारखा वास येणारी, वाकवली की मऊ लागणारी पाकिटं दोन-तीन पावसाळ्यांत नाण्यावर हिरवट चिकट साय सोडतात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा मायलारची पाकिटं मागा. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर वापरत असाल तर स्टेपलच्या पिना पक्कडने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला चरे पडतात. रबरबँड कधीच नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि गणपतीच्या आसपास एकदा गरम करून वाळवून घ्या.

प्रश्न : भाच्याला पोकेमॉनची कार्डं गोळा करायचा नाद आहे. प्रदर्शनात कार्डांचेही स्टॉल आहेत म्हणे. खोटी कशी ओळखावीत? — ठाणे

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची पंचावन्न कार्डांची डबी खेळायला घ्या, संग्रहाला नको. ती सगळी नकली असतात.

अस्सल कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं. मागून मोबाइलचा टॉर्च लावा. खऱ्या कार्डातून उजेड अगदी थोडा येतो, नकली कागदातून भसाभस येतो. अस्सल कार्ड शेजारी ठेवून मागच्या निळ्या रंगाची तुलना करा. नकलेत तो फिका किंवा जांभळट असतो. भिंगातून अक्षरं बघा. खऱ्यात काळी अक्षरं सलग काळी असतात, नकलेत रंगीत ठिपक्यांनी बनलेली. ‘पोकेमॉन’ या नावातल्या इंग्रजी ‘ई’ वरची तिरपी मात्रा गायब असली की चौकशी तिथेच संपवा. खाली कोपऱ्यात क्रमांक असतो, उदाहरणार्थ २५/१०२, आणि शेजारी वर्तुळ (साधं), चौकट (मधलं) किंवा चांदणी (दुर्मीळ). क्रमांक एकूण संख्येपेक्षा मोठा दिसला तर ती चूक नव्हे, तशी खास कार्डं काढली जातात.

भाव ठरतो तो कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही यावर. मागच्या कडेला पांढरे ठिपके म्हणजे कार्ड हाताळलेलं. महाग कार्ड आधी पातळ पाकिटात, मग कडक प्लॅस्टिकच्या टॉपलोडरमध्ये. एखाद्या संस्थेने तपासून, श्रेणी देऊन सीलबंद केलेलं कार्ड घेत असाल तर लेबलवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो हातातल्या कार्डाशी ताडून बघा. लेबलंही नकली येतात.

कार्डांच्या सुट्या विकल्या जाणाऱ्या बंद पाकिटांपासून मुलांना दूर ठेवा. पाकिटांचा खोका फोडून, वजन करून, जड पाकिटं (दुर्मीळ कार्ड त्यांत असेल या हिशोबाने) बाजूला काढून हलकी विकणारे असतात. पाकिटाच्या वरखालच्या दाबलेल्या पट्टीवर गोंदाची चमक दिसली तर ते पुन्हा चिकटवलेलं आहे. अदलाबदल करताना भाचा लहान असेल तर शेजारी उभे राहा. मोठी मुलं लहानांना फार सहज गुंडाळतात.

प्रश्न : ७८६ क्रमांकाच्या नोटांना खरंच किंमत आहे का? आणि २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा ठेवता येतात का? — परभणी

हिशोब करून बघा. शेवटी ७८६ असलेली नोट दर हजारांत एक. सहा आकड्यांत कुठेही ७८६ चालत असेल तर दर अडीचशेत एक. दुर्मीळ म्हणावं असं यात काही नाही. देणारा श्रद्धेपोटी थोडं वर देतो, एवढंच. सहाही आकडे सारखे असलेल्या नोटा मात्र दहा लाखांत नऊच. त्यांना कोऱ्या अवस्थेत भाव आहे. क्रमांकाआधी चांदणी असलेल्या नोटा खराब छापलेल्यांच्या बदली घातलेल्या असतात, त्या २००६ पासून निघाल्या. ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतात, ही मात्र अफवाच.

जुनी कोरी नोट घेताना एका टोकाला बारीक भोकं दिसतील, ती गड्डीच्या पिनेची. आपल्याकडच्या जुन्या नोटांत ती धरूनच चालतात. धुऊन इस्त्री केलेली नोट मात्र ओळखा. तिचा करकरीतपणा गेलेला असतो आणि अतिनील टॉर्चखाली कागद निळसर उजळतो, कारण साबणातली चमक त्यात उतरलेली असते. नोटेचा अस्सल कागद तसा उजळत नाही.

बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा २०१७ च्या कायद्याप्रमाणे एकूण दहापर्यंत ठेवता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून जास्त सापडल्यास दहा हजार रुपये किंवा त्या नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांपैकी जे मोठं तेवढा दंड होऊ शकतो.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. आजोबांच्या नाण्यांतली थोडी तिला न्यायची आहेत. उरलेली प्रदर्शनात विकावीत म्हणतो. — डोंबिवली

शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. भेट म्हणूनही नाही, सामानातूनही नाही. १९३८ चा रुपया आज या व्याख्येत बसत नाही, पण सीमा दरवर्षी एक साल पुढे सरकते. नवीन नाण्यांबाबत विमानतळावर वाद नको असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळतो. मुलगी यायच्या पुरेशा आधी अर्ज करा.

विकायची असतील तर सगळा डबा एका टेबलावर उपडा करू नका. आधी घरी साल, राजा, वजन अशी यादी करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि तीन विक्रेत्यांकडून स्वतंत्र भाव घ्या. विक्रेता त्याच्या विक्रीच्या भावापेक्षा खालीच घेणार, त्याला टेबलाचं भाडं आणि महिनोन् महिने पडून राहणारा माल सांभाळायचा असतो. पण तिघांपैकी एकजण जर तुमच्या यादीतलं एकच नाणं उचलून बाकीच्यांकडे दुर्लक्ष करत असेल, तर ते नाणं त्याला लगेच देऊ नका. त्याच्याबद्दल आणखी दोघांना विचारा.

‘तुमचं जुनं नाणं लाखांत घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत नाही आणि कोणाला कमिशन घ्यायचा अधिकारही तिने दिलेला नाही, हे तिने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं आहे. जमिनीत सापडलेली नाणी डब्यात असतील तर ती वेगळी काढा. दहा रुपयांहून अधिक मोलाचा जमिनीत पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. तशी नाणी टेबलावर मांडू नका.